स्टेपनीचा संसार

आमच्या जिप्सीच्या मागच्या दारातून पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही. जिप्सीत आवाज न करणारा भाग शोधून काढावा लागतो. मारुतीनं १९८५ साली ही गाडी काढली ती चारही चाकांवर पाटे बसवून, आणि शेवटपर्यंत पाटेच ठेवले. पाट्यांचा एक गुण आहे. खड्डा लहान असो वा मोठा, ते भेदभाव करत नाहीत. खाली जे घडतं ते इमानेइतबारे वर कळवतात. सैन्यानं ही गाडी वर्षानुवर्षं वापरली. मी ती घेतली तेव्हापासून सैनिकांच्या मणक्यांबद्दलचा माझा आदर दुणावला आहे.

माझी जिप्सी जुनी, सकलेशपूरकडच्या एका कॉफीमळेवाल्याकडून घेतलेली. बंगळुरात जिप्सी बाळगणारा माणूस शनिवारी पहाटे उठून रामनगरच्या नाहीतर कैवाऱ्याच्या डोंगरात चिखल तुडवायला जातो, अशी लोकांची समजूत असते. मी ती कधी मोडली नाही. चिखलही फारसा तुडवला नाही. पण गाडीनं तो तुडवला आहे असं दिसावं, म्हणून टायर बदलले. मूळचे टायर एफ ७८-१५, अरुंद आणि मध्यमवर्गीय. मी २३५/७५ आर १५ चढवले. पाचही. स्टेपनी कुणी कशाला बदलायची, असं दुकानदार म्हणाला. पण स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते, आणि जिप्सीच्या बाबतीत मागून पाहणाऱ्याचं मत फार महत्त्वाचं. तिच्या मागे अडकलेल्यांनाच ती सर्वांत जास्त वेळ दिसते.

नव्या टायरची रुंदी जास्त. दारावर दोन रबरी ठोकळे होते, टायर आधी त्यांनाच जाऊन भिडायचा आणि ब्रॅकेटवरचे नट पुरते बसायचे नाहीत. मी ते ठोकळे काढले. चाक झकास बसलं. टायर आणि दार यांच्यामध्ये बोटभर फट राहिली. हवा खेळती राहील, असं मी बायकोला सांगितलं.

त्यानंतर काही दिवसांनी तो आवाज. ठक्‌. गतिरोधक आला की ठक्‌, खड्डा आला की ठक्‌-ठक्‌. गतिरोधक कसा असावा याबद्दल इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचना होत्या: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वेगानं गाडी त्यावरून सुखानं जावी. आमच्या गल्लीतला ज्यानं बांधला त्यानं यातली रुंदी उंचीच्या रकान्यात वाचली असावी. जिप्सी त्यावर चढते, क्षणभर विचार करते आणि पलीकडे पडते. त्या विचाराच्या क्षणी आम्हा सगळ्यांचे, म्हणजे मी, बायको आणि स्टेपनी, पार्श्वभाग अधांतरी असतात.

तळघरातल्या पार्किंगमध्ये मी दाराचं आतलं अस्तर काढलं, टॉर्च मारला, आणि ब्रॅकेटच्या कोपऱ्यातून निघालेली चीर दिसली. पत्र्याला पडलेली चीर पाहून सामान्य माणूस गॅरेज गाठतो. मी इंजिनिअर असल्यानं ग्रंथ गाठले. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस मोडला आणि भयंकर अपघात झाला. त्यानंतर लोखंड थकतं कसं याचा युरोपात कसून अभ्यास सुरू झाला. पुढे जर्मनीतल्या आउगुस्ट व्योलर नावाच्या रेल्वे इंजिनिअरनं आस यंत्रावर फिरवून फिरवून दाखवून दिलं की लोखंड मोडायला मोठा धक्का लागत नाही. सोसवतील असे छोटे धक्के पुन्हा पुन्हा दिले की पुरतं. मी हे मध्यरात्री बायकोला वाचून दाखवलं.

"हे समजायला जर्मनीला जावं लागलं?" ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

मी मात्र पेटलो होतो. माझं पोट ज्या कामावर भरतं त्याला लोड बॅलन्सिंग म्हणतात. एका सर्व्हरवर फार भार आला की तो उचलून दुसऱ्यावर टाकायचा, दुसरा कण्हायला लागला की तिसऱ्यावर. या कामात मी बऱ्यापैकी नावाजलेला आहे. दाराच्या पत्र्यावरचा भार जरा पसरून दिला की झालं, हे माझं निदान होतं. कलासिपाळ्यातल्या लोखंडाच्या दुकानातून मी दोन सुती प्लेट कापून आणली. दुकानदारानं विचारलं, "गेटला?" मी म्हटलं, "गाडीला." त्यानं माझ्याकडून पैसे आधी घेतले.

आमच्या सोसायटीचा रखवालदार बीदर जिल्ह्यातला, भालकीचा. त्याच्याशी मराठी बोलता येतं म्हणून मी त्याला टॉर्च धरायला बोलावला. मी ड्रिल चालवत होतो आणि सोबत त्याला समजावून सांगत होतो: चाक तीसेक किलोचं, ते दारापासून वीतभर बाहेर लटकतंय, म्हणजे नुसतं वजन नाही, ते दाराला पिळतंय. गाडी आपटली की तेच वजन दुप्पट-तिप्पट. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग प्लेटवरून आणि पत्र्यावरून आळीपाळीनं बोट फिरवत म्हणाला, "साहेब, हे दार पातळ हाय, पलेट जाड हाय. जाडं पातळाला खातंय."

मी त्याला चहाला पैसे दिले आणि काम चालू ठेवलं. रविवारी दुपारी तळघरात ड्रिल चालवल्याबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं; त्यात माझ्या गाडीचा उल्लेख 'बांधकाम' असा होता.

प्लेट उत्तम निघाली. तिला शेवटपर्यंत ओरखडासुद्धा आला नाही. तिच्या चारही बाजूंनी पत्रा फाटला.

आता ब्रॅकेटच बदलावा, या निष्कर्षाला मी आलो. बंगळुरात नव्या स्पेअर पार्टला जे. सी. रोड आणि जुन्याला शिवाजीनगरची गुजरी. या गुजरीत गाड्या येतात त्या उभ्याच्या उभ्या, आणि जातात त्या पाव किलो-अर्धा किलोनं. एकेका दुकानात नुसते आरसे, शेजारच्यात नुसती दारं, पलीकडे स्टिअरिंगची चाकं छतापर्यंत. साताऱ्याकडच्या माणसाला शिवाजीनगरात उगाचच स्फुरण चढतं. १६३८ मध्ये रणदुल्ला खान आणि शहाजीराजांनी केंपेगौडांकडून हे शहर घेतलं आणि ते राजांच्या जहागिरीत आलं; म्हणजे एका अर्थी आपल्याच मुलखात आपण घासाघीस करायला उभे. फक्त पुढचा इतिहास आठवायचा नाही. व्यंकोजीराजांनी तंजावरला बस्तान बसवल्यावर हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाखांना विकायचा सौदा चालवला होता. तो पुरा होण्याआधीच, १६८७ मध्ये, मोगलांचा कासिम खान येऊन शहर घेऊन बसला, आणि त्यानं तेच शहर त्याच गिऱ्हाइकाला त्याच किमतीला दिलं. जुन्या गाड्यांच्या व्यवहारातल्या कुठल्याही एजंटाला हे नवल वाटणार नाही. आज तीन लाखांत शहर राहू द्या, एखाद्या बऱ्या वस्तीतल्या भाड्याच्या फ्लॅटचं डिपॉझिट भागतं.

दुकानदारानं ढिगातून एक ब्रॅकेट ओढून काढला. जाडजूड, काळाकभिन्न, जीपचा. "जिप्सी का नै सो," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मी त्याला अडवलं. चाकाची पाच भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास विलिस जीपचा साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर, जिप्सीचाही तोच. त्यामुळे जीपचा ब्रॅकेट जिप्सीच्या चाकाला चालणार, हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. जीप इथं आली कशी तेही सांगितलं: १९४५ मध्ये लुधियान्यात सुरू झालेली महिंद्र अँड महंमद कंपनी, फाळणीनंतर महंमद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, इकडे मुंबईत विलिसच्या जीपची जुळणी सुरू झाली. दुकानदार म्हणाला, "हौ साब," आणि किंमत वाढवली. एवढी माहिती असलेला माणूस वस्तू घेतल्याशिवाय जात नाही, हे त्याला कळलं होतं.

ब्रॅकेटसोबत त्याचेच नट घ्यावे लागले. जिप्सीचे नट १२ मिलिमीटरचे आणि जीपचे स्टड अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७. वर्तुळ जुळलं तरी आटे जुळायला हवेत हे वर्तुळाच्या आनंदात राहून गेलं होतं. दुकानातल्या पोरानं तिथंच चाक चढवून दिलं. मी तेव्हा रसेल मार्केटच्या बाजूला सुलेमानी चहा पीत होतो.

त्याचा परिणाम कनकपुरा रोडवर दिसला. मागचं डावं चाक बसलं. समोरच पंक्चरचं दुकान. दुकानदार मल्याळी, दक्षिणेत बहुधा असतोच. त्यानं स्टेपनीच्या नटाला पाना लावला आणि जोर केला. नट हलेना. त्यानं पान्यात पाइप घालून जोर केला. मग पाइपवर उभा राहिला. तो वर-खाली होत असताना शांतता बरी दिसेना, म्हणून मी त्याला स्टेपनीचा इतिहास सांगितला. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसे, पंक्चर झालं की रस्त्यात बसून काढायचं. वेल्समधल्या लानेली गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये तोडगा काढला: आऱ्या नसलेली एक धाव, तिच्यावर हवा भरलेला टायर, पंक्चर झालेलं चाक काढायचंसुद्धा नाही, त्याच्याच कडेला ही धाव चापानं आवळायची आणि निघायचं. म्हणजे पहिल्या स्टेपनीला नट-बोल्टचा हा त्रासच...

"सार," पंक्चरवाला खाली उतरून म्हणाला. त्यानं थुंकी लावून स्टडचं टोक पुसलं होतं. त्यावर एल अक्षर कोरलेलं होतं.

जुन्या विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. चाक पुढे फिरताना नट सैल पडत जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार. माझा ब्रॅकेट कुठल्याशा गॅरेजात बनला होता आणि बनवणाऱ्याकडे डाव्या बाजूचे स्टड उरले असणार. इतका वेळ आम्ही दोघं मिळून नट जिवाच्या आकांतानं आवळत होतो. त्यानं पाना उलटा फिरवला, नट निघाला. चाक बदलून झाल्यावर त्यानं पैसे घेतले ते फक्त पंक्चरचे. इतिहासाचे त्यानं लावले नाहीत, आणि पाइप वाकला होता त्याचेही नाही.

याच सुमारास सासरे आमच्याकडे राहायला आले. मामा एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले. आयुष्य बसगाड्यांच्या सांगाड्यांखाली गेलेलं, त्यामुळे बोलणं कमी; खाली पडून काम करताना तोंड उघडलं की गंज आत पडतो, असं ते म्हणतात. घरात आल्या आल्या त्यांनी नळाचं गळणं थांबवलं आणि धुण्याच्या मशीनचं चालणं थांबवलं. आमचं मशीन कपडे पिळायला लागलं की बाथरूमच्या दारापर्यंत चालत यायचं. मी त्याच्यासाठी तरफेच्या तत्त्वावर काहीतरी करणार होतो. मामांनी एका दुपारात ते गपगार केलं. बायको हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. सांगताना माझ्याकडे पाहत नसे, तेच जास्त लागायचं.

जिप्सीभोवती त्यांनी एक फेरी मारली. मागच्या दाराशी थांबले. दार बंद करायला आता गुडघ्यानं उचलावं लागत होतं, कारण जीपच्या ब्रॅकेटच्या वजनानं भार पत्र्यावरून बिजागऱ्यांवर गेला होता आणि बिजागऱ्या खाली बसल्या होत्या. मामांनी दार उचलून पाहिलं, सोडलं, पुन्हा उचललं.

"काय वाटतं, मामा?" मी विचारलं.

"तुमचं चाललंय ना काहीतरी," ते म्हणाले. "चालू दे."

वेल्डिंगला मी त्यांना सोबत नेलं. आमच्या कोपऱ्यावरचा वेल्डर खिडक्यांच्या ग्रिली आणि जिन्याचे कठडे बनवतो. तो दाराकडे बघून "आगत्ते सार" म्हणाला, म्हणजे होईल. त्यानं रॉड टेकवायच्या आत मामा उठले, बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि परत स्टुलावर येऊन बसले. रॉड टेकला. ठिणगी उडाली आणि जिथं चीर होती तिथं आठ आण्याएवढं भोक पडलं. दाराचा पत्रा मिलिमीटरभर, त्याचा रॉड कठड्याच्या पाइपला लावायचा. भोक बुजवायला त्यानं कडा धरली, कडा वितळली. ती धरायला पट्टी घातली, पट्टीच्या शेजारी नवं भोक. भार पसरत नव्हता तरी भोक उत्तम पसरत होतं. संध्याकाळपर्यंत दारावर लोखंडाचा एक ओबडधोबड डोंगर उभा राहिला. वेल्डर स्वतःच्या कामावर खूश होता. "इन्ने हिलणार नै," तो माझ्यासाठी जमेल त्या भाषेत म्हणाला. डोंगर खरंच हलला नाही. पुढच्या आठवड्यात वरची बिजागरी बुडापासून सुटली.

यानंतर शहाणा माणूस थांबला असता असं म्हणणं सोपं आहे. पण दारावर भार नकोच, हा विचार चुकीचा आहे असं अजूनही मला कुणी पटवलेलं नाही. भार दारावरून काढून बंपरवर द्यायचा: बंपरला एक झुलता लोखंडी हात, हाताला चाक, दार उघडायचं तर आधी हात बाजूला फिरवायचा. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत असली कामं करणारी वर्कशॉपं पुष्कळ. एकानं माझ्या आराखड्याप्रमाणे हात बनवून दिला, माझ्या सूचनेनुसार प्रत्येक माप एक नंबर जाड ठेवून. चाकापेक्षा हात जड झाला. जिप्सीचे मागचे पाटे खाली बसले, नाक वर झालं, आणि रात्री हेडलाइटच्या उजेडात नारळाची झाडं शेंड्यासकट दिसू लागली. रस्ता तेवढा दिसत नसे.

पुण्याहून मेहुण्यानं फोन करून सांगितलं की आता स्टेपनीची सक्तीच नाही, टाका काढून. २०२० मध्ये नियम बदलला हे खरं. पण ती सवलत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच असलेल्या लहान गाड्यांना. माझ्या जिप्सीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा म्हणजे मी, टायरला लाथ मारून.

ट्रॅफिकच्या हवालदारानं लालबागेजवळ थांबवलं तेव्हा मला आधी वाटलं, त्याला तो हात आवडला. लोक थांबून बघायचेच. तो मागे गेला, वाकला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "नंबर काणतिल्ला, सार." नंबरप्लेट हाताच्या आड गेली होती, एका बाजूचा दिवाही. मी हात बाजूला फिरवून नंबर दाखवला. त्यानं विचारलं, गाडी चालवताना फिरवून धरणार कोण? दंड भरून घरी आल्यावर मी कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा लावलेला अर्थ: उत्पादकानं ठरवून दिलेल्या मूळ रूपाच्या विरुद्ध जाईल असा बदल गाडीत करता येत नाही. हवालदारानं मला फक्त नंबरप्लेटवर सोडलं ही त्याची सज्जनता होती.

हात निघाला. चाक गाडीच्या आत आलं.

जिप्सीत मागे समोरासमोर दोन बाकं असतात. एकावर चाक, समोरच्यावर मामा. अशा व्यवस्थेत आम्ही मल्लेश्वरमला काडू मल्लेश्वराच्या दर्शनाला निघालो. ते मंदिर व्यंकोजीराजांच्या काळचं, तेव्हा मामांना दाखवायचं होतं. सिल्क बोर्डाच्या चौकात नेहमीप्रमाणे अर्धा जन्म गेला. गाडी सुटली, पुन्हा ब्रेक लागला, आणि चाक बाकावरून उतरून मामांच्या मांडीवर येऊन बसलं. बायको किंचाळली. मामांनी दोन्ही हातांनी ते धरलं, टायर अंगठ्यानं दाबून पाहिला आणि म्हणाले, "जावई, ह्यात हवा कमी आहे." पुढचा सगळा रस्ता त्यांनी चाक मांडीवरच ठेवलं. सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई त्यांच्याकडे दयेनं आणि माझ्याकडे निराळ्याच नजरेनं बघत होती.

त्या रात्री बायकोनं माझ्याशी बोलणं टाळलं आणि सकाळी चुलतभावाकडून एका डेंटरचा पत्ता आणला. विल्सन गार्डनच्या बोळात एक म्हातारे चाचा. डोळ्यांवर दोरी बांधलेला चष्मा, हातात लाकडी हातोडी. त्यांनी जिप्सीचं दार उघडलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग शेजारच्या गॅरेजांतल्या शिकाऊ पोरांना हाक मारली. पोरं जमली. चाचांनी हातोडीच्या दांड्यानं एकेक थर दाखवायला सुरुवात केली: ही प्लेट, हा जीपचा ब्रॅकेट, हा वेल्डिंगचा डोंगर, ही बंपरची भोकं. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना दुर्मीळ रोगी दाखवावा तसं चाललं होतं. पोरं माना डोलावत होती.

"कौन करा ये?" चाचांनी विचारलं.

"मैंच," मी म्हटलं. एक पोरगा हळूच फोटो काढत होता.

चाचांनी दाराचा तो भाग कसा कापावा लागेल ते खडूनं आखलं. भंगारातल्या दाराचा मूळ पत्रा, कडेनं गॅस वेल्डिंग, आतून पट्टी, आणि ब्रॅकेट जिप्सीचाच. मग चाकाकडे वळले. एवढा मोटा टायर मागे कशाला? पंक्चर झाल्यावर स्टेपनी किती चालणार, पंक्चरच्या दुकानापर्यंत. जुना पतला टायर लावायचा. एवढं सांगून ते खाली बसले आणि दाराच्या पत्र्यावर दोन जागा बोटानं चाचपल्या. तिथं दोन रिकामी भोकं होती.

"रब्बर कां हैं इसके?"

मी सांगितलं की ते मध्ये येत होते.

"मध्ये यायलाच लावलेले असतात," मागून मामा म्हणाले. इतक्या दिवसांत ते दाराबद्दल बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. चाचांना मराठी येत नव्हतं पण त्यांनी मान डोलावली. मग मामांनी खिशातली किल्ली काढून दारावर टेकवली, मला दाखवायला. चाक रबरावर दाबून बसलं की चाक आणि दार एकजीव होतात; गाडी आदळली तरी दोघं एकदम आदळतात. रबर नसलं की चाक एकटं झुलतं, आणि जेवढ्या वेळा झुलतं तेवढ्या वेळा पत्रा मुरगळतो. व्योलरनं जे सिद्ध करायला एवढी यंत्रं फिरवली ते मामांनी किल्लीवर दाखवलं.

"मामा, हे तुम्हाला आल्या दिवसापासून माहीत होतं?"

"दिसतच होतं की."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही सगळ्यांना समजावून सांगत होता," मामा म्हणाले. "मधे कसं बोलायचं?"

चाचांनी पुन्हा विचारलं, रबर आहेत का नवे आणायचे? मी म्हटलं, घरी हत्यारांच्या खणात असतील. मामा खाकरले. "ते होय? ते मी मशीनखाली दिलेत. चांगलं रबर होतं. नुसतंच पडलं होतं."

चाचांनी दार केलं ते बघत राहावं असं केलं. माझ्या दारातून निघालेलं लोखंड त्यांनी एका गोणीत भरून मला परत दिलं. गोणी एकट्याला उचलेना. भंगारवाल्यानं तिचे जे पैसे दिले ती या सगळ्या प्रकरणातली माझी एकुलती एक जमेची बाजू. ठोकळे मशीनखालून काढून दारावर गेले, पतला टायर त्यांच्यावर दाबून बसला, नट सुलट फिरवून घट्ट झाले. गल्लीतल्या गतिरोधकावरून गाडी पडली आणि मागून काहीही ऐकू आलं नाही. बायकोचं बोलणंही नाही, कारण ती घरी होती. मशीन धरून.

मशीन पुन्हा चालायला लागलं होतं. या वेळी ते बाथरूमचं दार ओलांडून पॅसेजपर्यंत आलं. मामा तोवर कराडला परत गेले होते. बायकोनं ओल्या हातानं फोन करून फर्मावलं की ज्या दुकानात तसले रबर मिळतात तिथून तसलेच घेऊन यायचं, स्वतः काही बनवायचं नाही, लोखंड तर आणायचंच नाही. म्हणून मी थेट जे. सी. रोड गाठला. गर्दीचं दुकान, काउंटरवर पिस्टनच्या रिंगा पसरलेल्या, मालक दोन फोनवर एकाच वेळी बोलत होता. मी बोटांनी माप दाखवून रबरी ठोकळे मागितले.

"कौनसी गाडी?" त्यानं वर न बघता विचारलं.

"फ्रंट लोड," मी म्हटलं. "सात किलो."

त्यानं वहीत लिहून घेतलं. "मॉडल कौनसे साल का?"